आनंद श्रावकाची दुसरी अट

सदर : निवृत्तीचे दिवस



कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की आमच्या मुलुंडच्या घरात दारामागच्या खुंटीवर एक मोठी कापडी पिशवी टांगली जाते. गावी न्यावयाची वस्तू जसजशी आठवेल तसतशी त्या पिशवीत पडत जाते. औषधे, पाणी गाळण्याचे नवे फडके, सामायिकाचे आसन, चष्म्याची जादा जोडी, विजेरी, हिंगाची डबी. चातुर्मास संपतो, साधु-साध्वीजी विहार करतात, आणि त्यांच्या पाठोपाठ आम्हीही मुलुंड सोडतो. त्यांच्या खांद्यावर असते त्याच्या चौपट सामान आमच्या हातात असते, एवढाच काय तो फरक, असे मी पूर्वी विनोदाने म्हणत असे. तो फरक किती मोठा आहे आणि ते सामान नेमके कोण उचलते, हे मला गेल्या दोन वर्षांत थोडेफार कळले. ते सांगण्यासाठीच या महिन्याचे हे पान.

निवृत्तीनंतर वर्षाचे दोन भाग करून राहणारी कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या स्थानकांत सकाळी भेटणाऱ्या मंडळींपैकी कोणाचे लोणावळ्याला घर असते, कोणी कच्छ-मारवाडातील वाडा उघडून बसतो, तर कोणी देवळालीला जातो. देवळालीची कोरडी हवा मानवते म्हणून मुंबईच्या व्यापारी कुटुंबांनी तेथे आरोग्यभवने बांधली, त्यास कित्येक दशके लोटली. आमचे गाव मात्र ना थंड हवेचे, ना तीर्थाचे. नगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात ते वसलेले आहे. तेथे आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. १९७२ च्या दुष्काळात गावात लोकांना खायलाच नव्हते, तेथे उधारी कोण फेडणार? वडिलांनी वही मिटली आणि आम्हां भावंडांना घेऊन मुंबई गाठली. मशीद बंदरच्या धान्यबाजारात एका पेढीवर त्यांनी मेहताजी म्हणून काम केले. पुढे मुलुंडला पाचरस्त्याजवळ लहानसे धान्याचे दुकान झाले. गावचा वाडा आणि सात एकर जिरायत जमीन मात्र त्यांनी विकली नाही. त्या वाड्याची किल्ली माझ्या वाट्याला आली आणि ६३ व्या वर्षी दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यावर मी ती वापरू लागलो. त्यास आता पाच वर्षे होतील.

येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण अनेक वाचक गावाकडे जागा घेण्याविषयी विचारतात. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरही बंधने घातली. या कायद्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झालेल्या आहेत. म्हणून ‘फार्महाऊस प्लॉट’ची रंगीत जाहिरात पाहून बयाणा देण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि बिगरशेती परवानगीचे कागद जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावेत. आम्हांस ही अडचण आली नाही, कारण सातबारावर आजोबांपासूनचे नाव आहे. आमची अडचण कागदावर न दिसणारी होती.

मुलुंडहून कल्याणपर्यंत लोकल, आणि तेथून एसटी. मुरबाड, टोकावडे मागे टाकून गाडी माळशेज घाट चढते, पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी उजेडात येते, ओतूर आणि आळेफाटा जातो, आणि बेल्हे ओलांडून आण्याचा घाट चढला की हिरवा रंग हळूहळू उतरत जाऊन टाकळी ढोकेश्वरपर्यंत सगळे माळरान होते. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धे तिकीट, आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्याने सौ.लाही अर्धे. दोघे मिळून एका तिकिटात गावी जातो, म्हणून मी मोठ्या समाधानाने खिडकीशी बसत असे. व्यापाऱ्याचे मन अशा गोष्टींनी फार लवकर प्रसन्न होते.

पहिली तीन वर्षे मी दुकान सोडले ते नावापुरतेच. वाड्याच्या गच्चीवर मोबाईलची रेंज मिळते. रोज संध्याकाळी जेवण आटोपून मी गच्चीवर जात असे आणि मुलाला विचारत असे, आज गल्ला किती झाला, तूरडाळीचा वाशीचा भाव काय, अमक्या गिऱ्हाइकाची उधारी आली का. मुलगा उत्तरे देई. एकदा तो नम्रपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही मुलुंडला असता तेव्हा दुपारी तासभर तरी झोपता. गावी गेलात की तुमचे दुकानावर दिवसभर लक्ष असते.” मी हसून विषय बदलला.

त्यानंतरच्या चातुर्मासात पर्युषणाच्या दिवसांत स्थानकात आनंद श्रावकाचे चरित्र वाचले गेले. उपासकदशांग सूत्रातील दहा श्रावकांपैकी हा पहिला. कथा आपण सर्वांनीच ऐकलेली असते. मीही लहानपणापासून ऐकली होती. वाणिज्यग्रामचा हा गृहपती बारा कोटी सुवर्णाचा धनी. चार कोटी कोषात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसाराच्या वैभवात. दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली, पाचशे नांगरांच्या जमिनीवर मर्यादा घातली आणि पिण्यासाठी केवळ आकाशातून पडलेले पाणी ठेवले. घरी येऊन त्याने पत्नी शिवानंदेस हे सांगितले, आणि तिनेही भगवंतांकडे जाऊन व्रते घेतली. चौदा वर्षे उलटून पंधरावे लागले तेव्हा त्याने आप्तस्वकीयांना बोलावून जेवू घातले, सर्वांसमक्ष कुटुंबाचा भार ज्येष्ठ पुत्रावर सोपवला आणि कोल्लाग सन्निवेशातील पौषधशाळेत तो राहावयास गेला.

माझ्या कानांनी या वेळी जे टिपले ते निघतानाचे त्याचे सांगणे. ते दोन भागांत आहे. आजपासून कोणत्याही कार्यात मला कोणी विचारू नये, सल्ला घेऊ नये, हा पहिला भाग. माझ्यासाठी अन्न शिजवू नये, हा दुसरा.

पहिला भाग ऐकताच मला माझी गच्ची आठवली. त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर मी मुलाला आणि सूनबाईंना समोर बसवून सांगितले, “आजपासून दुकानाचे आणि शेतीचे मला काही विचारू नका. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” मुलाने मान डोलावली. सौ. आतल्या खोलीत होती. तिला मी बोलावले नव्हते, हे पुढे लक्षात आले.

दोन महिन्यांनी कार्तिकात गावी पोहोचलो, तर विहिरीच्या काठावर नवे कोरे पाईप रचून ठेवलेले. तुषार सिंचनाचा पूर्ण संच होता. आमचे वाटेकरी हात जोडून म्हणाले, “धाकट्या शेठनी घेऊन दिलं. यंदा सगळा हरभरा करायचा ठरलंय.” मी ‘बरे झाले’ म्हणालो खरा, पण रात्री झोप आली नाही. सात एकरांचा निर्णय झाला, पैसे गेले, आणि ज्या घरात मी दोन महिने मुलाच्या समोर बसून जेवत होतो, तेथे मला कोणी अवाक्षर बोलले नाही. विचारू नका असे मीच सांगितले होते. तरीही विचारले नाही याचे दुःख झाले. निवृत्त माणसाच्या मनाची ही गंमत वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल.

त्या पाईपांमागची हकीकत अशी. आमच्या जमिनीत कांदा लावायचा नाही, हा आजोबांपासूनचा नियम. आपल्याकडे कंदमूळ वर्ज्य. जे आपण खात नाही ते आपल्या जमिनीत पिकवून विकणेही नको, असे त्यांचे म्हणणे. आमच्या भागात ज्याच्या विहिरीला हिवाळ्यात पाणी टिकते, तो रब्बीला कांदा करतोच, कारण भाव लागला तर एका हंगामात घर सावरते. आमचे वाटेकरी दर वर्षी विचारत, “शेठ, यंदा एक एकर तरी?” आणि मी दर वर्षी नाही म्हणत असे. नियम पाळल्याचे समाधान मला मिळे. अर्ध्या वाट्याने राबणाऱ्या त्यांच्या घरात त्या नियमामुळे किती कमी येते, हा आकडा मी कधी मांडला नव्हता.

मुलाने तो मांडला. गच्चीवरून मी मोडता घेऊन त्याला फोन केला, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “बाबा, आजोबांचा नियम मीही मोडणार नाही. पण नियम आपला असेल तर त्याचा खर्चही आपणच सोसायला हवा. त्यांनी का सोसावा? तुषार संच आपल्या पैशाने घेतला, बियाणेही आपले. पावसाळ्यात वाटाणा, आता हरभरा. वाटा मात्र निम्म्याऐवजी त्यांना दोन हिस्से, आपल्याला एक.” मी फोन ठेवला. चाळीस वर्षे वही लिहून हा जमाखर्च मला सुचला नव्हता, याची खंत वाटली. मुलाला सुचला याचा आनंदही झाला.

या प्रसंगाने मी सुधारलो असे मला वाटू लागले. गावात ओट्यावर कोणी येऊन बसले की मी आनंद श्रावकाची गोष्ट सांगे, आणि आपण आता कशातच नाही, सगळे मुलाकडे सोपवले, हेही सांगे. पौषातील अशाच एका संध्याकाळी एक जुने वर्गबंधू आले होते. बोलणे रंगले. मी आत डोकावून दोनदा चहा सांगितला. ते गेले तेव्हा उन्हे उतरली होती. आत येऊन पाहतो तो सौ. चहाचे कप विसळून पालथे घालीत होती. शेजारी गॅसवर आमच्या जेवणाची आमटी उकळत होती, आणि हंड्यावर फडके बांधून तिने पाणी गाळायला घेतले होते. वर न पाहता ती म्हणाली,

“आनंदांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्ही एकच ऐकलीत.”

मी काही तरी उत्तर द्यायचे म्हणून म्हणालो, “मी कधी काही खास करायला सांगतो का? दोन पोळ्या आणि आमटी पुरते मला.”

“सांगावे कुठे लागते? तुम्ही सूर्यास्ताच्या आत जेवता, म्हणून मी चार वाजता स्वयंपाकाला लागते. पाणी गाळलेले, उकळलेले, संध्याकाळच्या आत थंड झालेले हवे. धान्य निवडलेले हवे. नियम माझेही तेच आहेत हो, मला त्याचे काही नाही. पण दोघांचे नियम एकटीच्या हातून पाळले जातात. मुलुंडला सूनबाई असते, बाई येते. इथे आले की मला पुन्हा तिशीतला संसार करावा लागतो.” मग थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच विचारावे तसे ती म्हणाली, “आनंद कोल्लागला गेले, तेव्हा शिवानंदा कुठे होती?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. निघण्याच्या त्या प्रसंगात ज्येष्ठ पुत्र आहे, मित्र आहेत, आप्त आहेत. शिवानंदेचे नाव मला ऐकल्याचे आठवत नाही. मी इतक्या वेळा ती कथा सांगितली, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

हळूहळू बाकीचेही तिने सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मुलुंडच्या स्थानकात बहिणींचा धार्मिक परीक्षेचा वर्ग चालतो. लग्नानंतर सुटलेला अभ्यास तिने साठीनंतर पुन्हा हाती घेतला होता. चार महिने वर्ग नीट चाले. कार्तिकी झाली की आम्ही गावी निघू आणि तिचे पुस्तक तेथेच मिटे. तीन वर्षे सलग असे झाले होते. कोणत्या तारखेला निघायचे, किती दिवस राहायचे, हे मी ठरवी आणि तिला कळवी. मुलाने मला न विचारता पाईप आणले म्हणून मी रात्रभर तळमळलो होतो. तिला न विचारता तिच्या वर्षाचे दोन भाग मी पाच मिनिटांत केले होते.

गेल्या वर्षी ती आली नाही. भांडण नव्हते, रुसवा नव्हता. “या वेळी परीक्षा देते. तुम्ही जाऊन या,” एवढेच म्हणाली. मी एकटा गेलो आणि ४० दिवस राहिलो.

व्यापाऱ्याला वही हाती घेतल्याशिवाय काही समजत नाही. मी वहीत वेळ मांडू लागलो. पाणी भरणे, गाळणे, फडके स्वच्छ करणे, उकळणे : ५० मिनिटे. झाडलोट आणि भांडी : १ तास १० मिनिटे. धान्य-डाळ निवडणे, दूध तापवणे, विरजण लावणे : ४० मिनिटे. दोन वेळचा स्वयंपाक : २ तास ४० मिनिटे. एकूण ५ तास २० मिनिटे, तेही एका माणसाच्या, एकाच भाजीच्या जेवणासाठी, आणि पाहुणा कोणी आला नाही अशा दिवशी. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो. पहिल्या आठवड्यात तीन वेळा खिचडी शिजेपर्यंत सूर्यास्त झाला आणि मी उपाशीच झोपलो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मी लहानपणापासून पाळीत आलो, असे मी अभिमानाने सांगत असे. पाळण्याची खटपट प्रथमच माझ्या वाट्याला आली.

भाकरी तर जमेचना. वाटेकऱ्यांच्या घरच्या बाईंनी हे पाहिले आणि रोज दोन भाकरी झाकून आणून देऊ लागल्या. तीन दिवस मी त्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी ध्यानात आले की आपण एका बाईचे काम दुसऱ्या बाईकडे ढकलले, इतकेच झाले आहे. मी पैसे देऊ केले, त्यांनी नाकारले. तेव्हा मी भाकरी नाकारली. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, “शेठ लई हट्टी,” आणि पैसे पदराला बांधले. महिन्याचा हिशेब मी वहीच्या त्याच पानावर लिहिला.

आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. ते दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसे-गुरे यांना किती लागेल, हे पाहून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअरवेल आणि उसासारखे पीक तेथे वर्ज्य. मला पूर्वी ही केवळ शेतीची गोष्ट वाटे. एकटा राहिलो तेव्हा वाटले की घरातील श्रमांचाही असा ताळेबंद दर वर्षी मांडला पाहिजे. कोणाच्या हातांत किती बळ उरले आहे, हे पाहून मगच किती पाहुणे, किती पदार्थ, किती दिवस, ते ठरवावे. आपण व्यापारी दिवाळीला वह्यांचे पूजन करतो. त्यात हे पान कोरेच राहते.

मुलुंडला परतल्यावर नळाचे पाणीही मला वेगळे दिसू लागले. आपल्या उपनगरांतील नळाला येणारे पाणी भातसा, तानसा, वैतरणा यांच्या धरणांतून येते. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईची तहान भागवीत आहे. त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत उभ्या असतात. गावी चैत्रात आमच्या विहिरीचा तळ दिसतो तेव्हा मी पाणी जपून वापरीत असे, आणि मुलुंडला येताच नळ सोडून दाढी करीत असे. पाणी गाळून पिण्यात जी दया आहे, ती ते सांडू न देण्यातही आहे, हे मला कोणी शिकवायला नको होते.

आता आमच्याकडे काय ठरले ते सांगतो. ज्यांची दोन घरे आहेत किंवा होणार आहेत, त्यांना कदाचित उपयोगी पडेल.

गावी जाण्याची तारीख दोघांनी मिळून ठरवायची, आणि दोघांनी जायलाच हवे असे नाही. कार्तिकीनंतरचे ४० दिवस माझे. तिने यावे, न यावे, उशिरा यावे, तिची मर्जी. वैशाखात नातवंडांसह सर्वांनी १५ दिवस जायचे, आणि त्या दिवसांत प्रत्येकाला एक काम नेमून द्यायचे. गेल्या वैशाखात मुलाकडे भांडी होती. नातू पाणी गाळायला बसला आणि फडक्यातील जीव विहिरीतच का परत सोडायचे, हे त्याने आजीला विचारून घेतले. गावी एका वेळी दोनच पदार्थ. ओट्यावर बसलेल्या माणसाला चहा हवा असेल तर तो मी करतो. आलेली मंडळी प्रथम संकोचली, आता एकदोघे स्वतःच उठून कप विसळतात. आणि पाणी गाळून उकळण्याचे काम दोन्ही घरांत माझे. मुलुंडला पहिल्या दिवशी मला पातेले घेऊन ओट्याशी उभा पाहून सूनबाई घाबरल्या. त्यांना वाटले, काही चुकले की काय. चुकले होते खरे, पण त्यांचे नव्हे.

वाटेकऱ्यांच्या हरभऱ्याचे दोन हंगाम चांगले गेले. कांद्याचा भाव यंदा चढला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मीच विषय काढला. ते म्हणाले, “धाकट्या शेठला विचारतो.” मला आता त्याचे वाईट वाटत नाही. म्हणजे फारसे वाटत नाही.

सौ. गेल्या वर्षी परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाली. या वर्षी पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. दुपारी ती गाथा पाठ करते, आणि मी पुस्तक समोर धरून तिचे कोठे चुकते ते पाहतो. चुका फार सापडत नाहीत.

दारामागची पिशवी पुन्हा खुंटीवर लागली आहे. आत सध्या माझ्याच वस्तू आहेत : औषधे, आसन, विजेरी, नवे फडके, आणि वेळ मांडण्याची ती वही. तिचा वर्ग पौषापर्यंत चालेल. त्यानंतर गावी येणार का, असे मी एकदा विचारले. ती “बघू” म्हणाली. दुसऱ्यांदा मी विचारलेले नाही. भाकरी मात्र मला अजून गोल जमत नाही.

ज्या वाचकांनी आपल्या दोन घरांची व्यवस्था वेगळ्या रीतीने लावली असेल त्यांनी अवश्य लिहावे, विशेषतः भगिनींनी. त्यांची पत्रे आली तर पुढील एखाद्या महिन्यात हे पान त्यांचे.

जय जिनेंद्र.